पडद्यावर कोणाला कुठला रोल मिळतो? (रंग, ओळख आणि आपण)

खिडकीची_सीट (धागालेखिका)

मागच्या आठवड्यात इथे दुसऱ्या धाग्यावर मोठा राडा झाला, हिंदी सिनेमात मराठी माणूस म्हणजे हवालदार, कामवाली, नाहीतर भाईच्या गाडीत मागे बसणारा पंटर, बास. शूटिंग मुंबईत करायचं, वडापाव मुंबईचा खायचा आणि मराठी बाईला साधं आडनाव पण द्यायचं नाही. सगळे तुटून पडले आणि बरोबरच होतं ते, माझंही +१ होतं तिथे. पण एवढ्या प्रतिसादांत हे कोणीच काढलं नाही की कॅमेऱ्यामागे आपण स्वतः असतो तेव्हा काय करतो. म्हणून हा वेगळा धागा.

मी मालिकांच्या कास्टिंगमध्ये आहे. कुठलं चॅनल, कुठली मालिका विचारू नका, पोटावर पाय येईल. दिवसभर व्हॉट्सअ‍ॅपवर रिक्वायरमेंट येत असतात. नायिका: वय २२ ते २६, गोरी, शार्प फीचर्स, चांगल्या घरातली वाटली पाहिजे. त्याच मेसेजमध्ये खाली मोलकरीण: चाळिशीची, सावळी. गुंड: काळा, दाढी. लग्नाच्या सीनला 'डिसेंट क्राउड', म्हणजे पुन्हा गोरेच, आणि स्टेशनच्या सीनला बाकीचे. हे कोणी वाईट मनाने लिहीत नाही हो, लिहिणारी मुलगी स्वतः माझ्यापेक्षा सावळी आहे, तिला ते लिहिताना काही वाटतही नाही, कारण आधीच्या प्रत्येक मेसेजमध्ये तेच होतं.

आणि आता 'सावळी नायिका' असा विषय चालतो ना, त्याची गंमत ऐका. गोष्ट सावळ्या मुलीची, पण घ्यायची गोरी नटी आणि तिला रोज सकाळी मेकअप दादाने काळं करायचं. चेहरा, मान, कान, कोपरापर्यंत हात, ब्लाउज मागून खोल असेल तर पाठ. दुपारपर्यंत लाइटखाली घाम येऊन केसांच्या कडेला बेस फुटतो, मग टिश्यूने टिपत बसायचं, तो टिश्यू चॉकलेटी, ब्लाउजच्या गळ्याला डाग, कॉस्च्यूमवाले वैतागलेले. शेजारच्या रूममध्ये तिच्या मैत्रिणीचा रोल करणारी मुलगी बसलेली असते, ती खरोखरची सावळी, कोल्हापूरकडची, नाटकातून आलेली, उत्तम नटी. तिला त्याच मेकअप दादाने एक शेड उजळ बेस लावलेला असतो, कारण डीओपीला (मुख्य कॅमेरामनला) फ्रेममध्ये बॅलन्स पाहिजे. आता दोघी एकमेकींसमोर उभ्या राहून रंगावरून होणाऱ्या अन्यायाचा सीन करतात!

माझं म्हणणं एवढंच की हिंदीवाले आपल्याला बाई आणि हवालदार करतात तेव्हा जे डोकं वापरतात, तेच आपण वापरतो, फक्त माणसं बदलतात. बोला.


दादरचा_दाद्या

ताई, मुद्दा मान्य पण मार्केट पण बघा की. चॅनल टीआरपीवर चालतं. प्रेक्षकांना रोज रात्री साडेआठला सुंदर चेहरा बघायचाय, तो त्यांचा हक्क आहे. आमच्या आईला विचारलं तर ती म्हणेल मालिकेत पण काळी सून कशाला. प्रेक्षक बदलला की चॅनल बदलेल, चॅनलने समाजसुधारणेचा ठेका घेतलेला नाही.


खिडकीची_सीट

@दादरचा_दाद्या, प्रेक्षकाला कधी दुसरं काही दाखवून बघितलंय का? 'सैराट'मध्ये कोण गोरं गोमटं होतं? २०१६ मध्ये लोक ट्रॅक्टर भरून बघायला गेले. आणि हिंदीत त्याचा 'धडक' केला तेव्हा गोष्ट उचलून उदयपूरला नेली, चेहरे मुंबईच्या फिल्मी घरांतले आणि जात इतकी पुसट की शेवट का होतो तेच कळेना. प्रेक्षकाने कुठे मागितलं होतं ते?


फोडणीचा_भात

गोरेपणाचं वेड मालिकांनी आणलं असं म्हणणं म्हणजे जरा जास्तच आहे, स्थळांच्या जाहिराती काढून बघा जुन्या. गोरी, घारी, निमगोरी, सगळी वर्गवारी तयार. फेअर अँड लव्हली १९७५ ची आहे, तेव्हा कुठे होत्या डेली सोप. माझ्या मावशीच्या पर्समध्ये ती ट्यूब शेवटपर्यंत पिळून, मग कात्रीने कापून आतलं बोटाने काढलेलं मी बघितलंय, आणि मावशीला वाचनालयातून पुस्तकं आणायचा नाद, टीव्हीचा नव्हे.

बदल झाले ते पण बघा कधी झाले. जाहिरातवाल्यांची ती मुंबईतली संस्था, आस्की, तिने २०१४ मध्ये नियम काढला की काळ्या रंगाच्या माणसाला जाहिरातीत दुःखी, नोकरी न मिळणारा असं दाखवायचं नाही. पण क्रीमच्या नावातलं 'फेअर' जायला २०२० उजाडलं. मे महिन्यात तिकडे मिनियापोलिसमध्ये पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या मानेवर गुडघा ठेवून जीव घेतला, जगभर निदर्शनं झाली आणि जून-जुलैत इथे अंधेरीच्या हेड ऑफिसमधून 'ग्लो अँड लव्हली' आलं. शादी डॉट कॉमने रंगाचा फिल्टर काढला तोही त्याच जूनमध्ये, आणि तेसुद्धा अमेरिकेतल्या देशी पोरींनी आवाज केला म्हणून. म्हणजे आपल्या मावश्यांनी पंचेचाळीस वर्षं ट्यूब पिळली त्याने कोणाला घाम फुटला नाही.


मुलुंडचा_म्हाळसाकांत

आता विठ्ठल सावळा आहे, कृष्ण काळा आहे असा प्रतिसाद यायचाच बाकी आहे, मी वाट बघतोय. :)


तुळशीमाळ

@मुलुंडचा_म्हाळसाकांत, तोच टाइप करत होते मी. पुसला. :(


बॉटल_मसाला

धागा वाचला आणि राहवलं नाही. मी मरोळ गावठाणातला ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचाच मूळचा ख्रिश्चन. घरात मराठी बोलतो, आमची बोली आहे, तुम्हाला वसईकडची किंवा आगरी-कोळी वाटेल ऐकताना. आमची आजी लुगडं नेसायची, लग्नात उंबराचं पाणी आणायला बँड लावून जातो, मे महिन्यात गच्चीवर मिरच्या वाळवून बॉटल मसाला कुटतो. पिढ्यान् पिढ्या इथेच, ही मुंबई व्हायच्या आधीपासून.

आता टीव्हीवर आम्ही कसे दिसतो सांगा. पुरुष असेल तर हॅट, गळ्यात क्रॉस, हातात बाटली, 'क्या मॅन, अपुन बोला ना मॅन'. बाई असेल तर फ्रॉक, नाव रोझी नाहीतर सँड्रा, आणि हिरो तिच्याकडे भाड्याने राहतो. मराठी बोलणारा ख्रिश्चन मी मराठी मालिकेत बघितलेला नाही, एखादा असेल तर दाखवा, मी पार्टी देतो. ऑफिसात मी मराठी बोललो की समोरचा दचकतो, 'अरे तू किती छान मराठी बोलतोस, कुठे शिकलास?' कुठे शिकलास म्हणजे काय, आईच्या मांडीवर.

आणि 'ईस्ट इंडियन' नावावरून पण लोक म्हणतात की मग तुम्ही बंगालचे का. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वेळी आमच्या लोकांनी हे नाव घेतलं, गोव्याहून नोकरीला येणाऱ्या ख्रिश्चनांपेक्षा आम्ही वेगळे, इथले, हे गोऱ्या साहेबाला कळावं म्हणून, नोकऱ्यांचा प्रश्न होता. त्यामुळे आता आम्ही मराठी असूनही मराठी माणसाला परके वाटतो आणि गोव्याचे म्हणतात तुम्ही आमचे नाही. सिनेमावाल्यांनी आम्हा दोघांना एकाच बाटलीत भरलं आणि बूच लावलं.


गिरगावची_गौरी

बॉटल_मसाला, भारी लिहिलंय. आमच्या खोताच्या वाडीत अजून काही घरं आहेत तुमच्या लोकांची. नाताळात फुगे (तळलेले गोल पाव) येतात आमच्याकडे.


वानखेडे_नॉर्थ_स्टँड

रंगाचं काढलंच आहे तर क्रिकेटचं पण काढतो, भले मार पडू दे. १७ ऑक्टोबर २००७, वानखेडेवर ऑस्ट्रेलियाशी सातवी वनडे. मी ग्राउंडवर होतो. अँड्र्यू सायमंड्स, त्यांचा आफ्रिकन-कॅरिबियन वंशाचा खेळाडू, दिसला की स्टँडमधून माकडाचे आवाज, खाजवायच्या अ‍ॅक्शन्स. थोडे नव्हते हो. माझ्या पुढच्या रांगेत चांगले घरचे काका, डबा घेऊन आलेले, ते करत होते आणि शेजारच्या नातवाला करून दाखवत होते. पोलिसांनी काही जणांना उचलून बाहेर काढलं, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो होते.

अडीच महिन्यांनी सिडनीचं प्रकरण झालं, हरभजनने सायमंड्सला माकड म्हटल्याचा आरोप, त्याच्यावर तीन टेस्टची बंदी, मग अपिलात न्यायमूर्ती हॅन्सननी वर्णद्वेषाचा आरोप सिद्ध होत नाही म्हणून ती उठवली, अर्धी मॅच फी दंड. तेव्हा सगळा देश एका सुरात, आम्ही भारतीय आणि वर्णद्वेषी? आम्हीच तर दोनशे वर्षं भोगलंय! वानखेडेचं नाव कोणी काढेना.


कांगारू_नको

झालं सुरू. ऑस्ट्रेलियन्स काय संत होते का? सगळ्यात जास्त स्लेजिंग तेच करायचे. पब्लिक कोणालाही चिडवतं, आपल्याच प्लेअरला शिव्या घालतं. २०२१ ला सिडनीत सिराजला काय काय बोलले ते सोयीस्कर विसरलात.


वानखेडे_नॉर्थ_स्टँड

@कांगारू_नको, विसरलो नाही, सिराजने अंपायरला सांगितलं, मॅच थांबवली, सहा जणांना स्टेडियमबाहेर काढलं, आणि आपण सगळ्यांनी त्यावर पोस्टी टाकल्या. टाकायलाच हव्यात. मी फक्त म्हणतोय की डबा घेऊन आलेल्या काकांवर पण एक टाका.


काळाघोडा_कट्टा

अवांतर वाटेल, पण आफ्रिकन चेहरा आपल्या मातीला नवा नाही, त्याचा विसर पडलाय. मलिक अंबर. जन्म १५४८ च्या सुमारास, इथिओपियातला, गुलाम म्हणून विकत विकत दख्खनेत पोचला आणि निजामशाहीचा वजीर झाला, मुघलांना वर्षानुवर्षं नाकी नऊ आणले. खडकी शहर त्याने वसवलं १६१० मध्ये, तेच पुढे औरंगाबाद. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले.

आता धाग्याच्या विषयाला धरून. जहांगीराला हा माणूस काही केल्या हरवता येईना. मग त्याने चित्र काढून घेतलं. चित्रात बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून अंबरच्या तुटलेल्या डोक्यात बाण मारतोय, डोकं भाल्यावर टांगलेलं. प्रत्यक्षात असलं काहीही झालं नाही, अंबर १६२६ मध्ये म्हातारपणाने गेला, खुलताबादला कबर आहे. चित्र सध्या डब्लिनला चेस्टर बीटी संग्रहात आहे. आत्मचरित्रात पण जहांगीर त्याचा रंग काढून शिव्या घालतो. म्हणजे रणांगणावर जमलं नाही ते स्टुडिओत करून घेतलं, चारशे वर्षांपूर्वीचं पीआर. :)

मुरुडचा जंजिरा बघायला तर आपण सगळे जातो, तिथे आफ्रिकन वंशाच्या सिद्दींचं राज्य थेट १९४८ पर्यंत होतं. पण ऐतिहासिक मालिकेत सिद्दी येतो तो कसा? डोळे वटारलेला, काळा बेस फासलेला, गडगडाटी हसणारा. शत्रू होता, मान्य, पण शत्रूला पण राजकारण असतं की नाही? तटाखालून बोटी कशा चालवायच्या हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळत होतं म्हणून तर तो किल्ला हाती लागला नाही.


बीडीडी_चाळ

वाचतोय सगळं. छान चाललंय. फक्त एक विचारू? रंग, रंग, रंग, इतक्या प्रतिसादांत जात हा शब्द एकदाच आला, तोही 'सैराट'पुरता. ती 'चांगल्या घरातली वाटली पाहिजे' नावाची रिक्वायरमेंट आहे ना, ती रंगाची नाहीये. माझी बहीण गोरी आहे. दोनदा शॉर्टलिस्ट झाली, आडनाव सांगितल्यावर 'भाषेत थोडा ग्रामीण टोन येतोय' असं कळलं. वरळीत जन्मलेली मुलगी, ग्रामीण टोन!

अमेरिकेतल्या काळ्या लोकांशी आपलं काय नातं, असं कोणाला वाटत असेल तर नातं मुंबईतच आहे. बाबासाहेब १९१३ ते १६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते, काळ्यांच्या हार्लेम वस्तीला लागून. १९४६ मध्ये त्यांनी काळ्यांचे तिकडचे विचारवंत नेते डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइसना पत्र लिहिलं होतं, तिकडच्या निग्रोंनी युनोला जो अर्ज दिला त्याची प्रत मागायला. १९७२ ला ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांनी याच शहरात दलित पँथर काढली, नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेलं. आणि २००१ ला डर्बनला वर्णद्वेषाविरुद्ध जागतिक परिषद भरली तेव्हा आपल्या सरकारने ताकद लावली की जातीचा विषय त्यात येता कामा नये. तेव्हा बाहेरच्यांनी आपल्यावर केला तो वर्णद्वेष आणि आपण घरात करतो तो 'सेन्सिटिव्ह विषय', हे फार जुनं आहे, एकट्या कास्टिंगवाल्या ताईंचा दोष नाही.


दादरचा_दाद्या

आला जातीवर धागा. आता कुलूप लागणार.


खिडकीची_सीट

@दादरचा_दाद्या, लागू दे. @बीडीडी_चाळ, बहिणीचं जे झालं ते मला पूर्ण पटतं, 'टोन' हा शब्द आमच्याकडे कसा वापरतात ते रोज ऐकते.


ह्यूस्टन_व्हाया_दहिसर

इकडचं थोडं. 'सिम्पसन्स'मधला अपू, दुकानवाला, त्याला आवाज द्यायचा हँक अझारिया हा गोरा नट. आमच्या पिढीच्या पोरांना शाळेत त्याच अ‍ॅक्सेंटमध्ये चिडवायचे. २०१७ ला हरी कोंडाबोलूने त्यावर डॉक्युमेंटरी केली, २०२० ला अझारियाने तो आवाज सोडला. आमच्या देशी ग्रुपवर केवढा आनंद. आणि त्याच ग्रुपवर त्याच आठवड्यात काळ्या वस्तीत घर घेऊ नका, शाळा खराब असतात वगैरे. आपण इथे आलो तो १९६५ चा इमिग्रेशन कायदा ज्या हवेत पास झाला ती हवा त्याच काळ्या लोकांनी रस्त्यावर मार खाऊन तयार केली होती, हे मी ग्रुपवर लिहिलं तर मला 'गुड मॉर्निंग'चा फोटो आला उत्तरात.


वाकोला_ब्रिज

आमच्या कलिना-वाकोल्याकडे ईशान्येची मुलंमुली खूप राहतात, सलोनमध्ये, हॉटेलात, एअरलाइनमध्ये कामाला. कोरोनाच्या सुरुवातीला, एप्रिल २०२० मध्ये, इथेच बाइकवरून जाताना एकाने मणिपुरी मुलीच्या तोंडावर थुंकलं होतं, बातमी आली होती. सिनेमातले चिनी म्हणजे कोण हे ज्याला टीव्हीने शिकवलं त्याला शेजारची मुलगी पण तीच वाटणार.

मेरी कोमवर सिनेमा केला २०१४ ला तर रोल प्रियांका चोप्राला. नटी मेहनती आहे, वाद नाही. पण पूर्ण मणिपूरमध्ये एक पण तसा चेहरा मिळाला नाही? आणि बंडखोर संघटनेच्या बंदीमुळे तिथे थिएटरात हिंदी सिनेमे लागत नव्हते, त्यामुळे जिच्यावर काढला तिच्याच राज्यात तो लागला नाही.


कांगारू_नको

मग प्रत्येकाने फक्त स्वतःच्याच जातीचा, रंगाचा रोल करायचा का? अ‍ॅक्टिंग म्हणजे काय मग? उद्या म्हणाल खुन्याचा रोल खुन्यालाच द्या.


खिडकीची_सीट

@कांगारू_नको, नाही हो, उलट आहे. गोऱ्या नटीला काहीही होता येतं: डॉक्टर, भूत, आदिवासी, सावळी. प्रश्न बाकीच्यांचा आहे, त्यांना दुसरं काहीच होता येत नाही. उदाहरण देते. हॉस्पिटलचा ट्रॅक (कथानक) होता, मी सुचवलं की नर्स म्हणून एक मिझो मुलगी घेऊ, मुंबईत वाढलेली, मराठी खणखणीत, दोन वाक्यं आहेत फक्त, 'सलाइन संपत आलंय' आणि 'नातेवाइकांनी बाहेर थांबा'. ऑडिशन फर्स्ट क्लास. वरून फोन आला, ही कोण आहे? म्हटलं नर्स आहे. नाही पण ही इथे का आहे, हिचा ट्रॅक आहे का पुढे? म्हटलं ट्रॅक नाही, सलाइन आहे. म्हणे प्रेक्षक कन्फ्यूज होतील, त्यांना वाटेल हिच्यात काहीतरी आहे, ही विष देणार. शेवटी नेहमीची मुलगी घेतली.

हे असं आहे. आपल्यासारख्या दिसणाऱ्या माणसाला सीनमध्ये यायला कारण लागत नाही. बाकी कोणी आलं की ते का आलं ते सांगावं लागतं, आणि लेखकाला रात्री दोन वाजता सुचणारी कारणं चारच: ड्रग्ज, विनोद, भाडेकरू, नाहीतर दया.


मीरारोड_फास्ट

ड्रग्जवरून. आमच्या बिल्डिंगमध्ये एक आफ्रिकन आहे, घानाचा, पण सगळे त्याला नायजेरियनच म्हणतात, वॉचमनच्या रजिस्टरमध्ये पण तसंच लिहिलंय. कपड्यांचा धंदा करतो, मशीद बंदरहून माल उचलून तिकडे पाठवतो. भाडं इतरांपेक्षा जास्त, डिपॉझिट जास्त, वर सोसायटी मीटिंगमध्ये दर वेळी त्याचा विषय. पोलीस व्हेरिफिकेशन सगळं क्लिअर. एकदा बातमी आली कुठल्या तरी नायजेरियनाला माल घेऊन पकडलं, तर सेक्रेटरी मोबाइल घेऊन याच्या दारात, फोटो जुळवायला! चेहरा जुळत नाही म्हटल्यावर, 'सॉरी हां, एकसारखेच दिसता तुम्ही.' तो हसला बिचारा. मराठी बोलतो थोडं, 'काय भाऊ, लोकल लेट हाय काय' एवढं एकदम झकास.


तुळशीमाळ

एकसारखे दिसता. देवा.


दादरचा_दाद्या

ताई, मार्केटचं माझं म्हणणं मी सोडत नाहीये. पण त्या विष देणाऱ्या नर्सचं वाचून आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली दोन वाक्यं मराठीत नीट बोलली असती तर मला काय, मी सलाइनकडे बघते. हा एक डेटा पॉइंट, हलके घ्या.


खिडकीची_सीट

@दादरचा_दाद्या, आईंना आमच्या चॅनलच्या रिसर्च टीममध्ये पाठवा.

असो. कामाचं: आत्ताच मेसेज आलाय. उद्या मढला लग्नाचा सीन, पाहुण्यांत चार विदेशी हवेत, सकाळी सातचा कॉल टाइम. कुलाब्याचा आमचा को-ऑर्डिनेटर गावी गेलाय. कोणाची ओळख असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.


मीरारोड_फास्ट

विदेशी म्हणजे आमचा घानावाला चालेल का? सूट आहे त्याच्याकडे, तीन. वेळ पाळतो. विचारून बघा ना ताई, मी त्याला खाली भेटलो तर सांगतो.


खिडकीची_सीट

विचारलं. म्हणे लग्नाला गोरेच हवेत. पण नंबर घेऊन ठेव, पुढच्या महिन्यात पोलीस रेडचा सीन आहे.